वाहत्या पाण्यातला कडूकंद

फार जुनी गोष्ट आहे. डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची. अशाच एका बिननावाच्या डोंगराच्या कुशीत दहा-बारा झोपड्यांची वाडी होती. सकाळी धुकं उतरलं की वाडी दिसेनाशी व्हायची, नुसते कोंबड्यांचे आवाज ऐकू यायचे.

त्या वाडीत हौसा राहायची. तिची थोरली जाऊ कोंडाबाई शेजारच्याच झोपडीत. पण एका फुटलेल्या रांजणावरून दोघींचं वाजलं होतं, आणि दोन वर्षं त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या.

त्या साली नाचणी कणसातच करपली. थंडी पडायच्या आत कणग्या रिकाम्या झाल्या. हौसाची लहानगी लेक झोपेत तोंड हलवायची, जेवत असल्यासारखी.

रानात कडूकंद मिळतो, हे तिला ठाऊक होतं. तो खाण्याजोगा कसा करायचा, हे सासूने थोरल्या सुनेला शिकवलं होतं. धाकटीला शिकवायच्या आधीच सासू गेली. आता विचारायचं तर कोंडाबाईला, आणि ते हौसाच्या जिवावर येई.

एका सकाळी ती धुक्यातच रान चढली. धुकं इतकं मऊ होतं की आपण चालतोय की तरंगतोय, तेही कळेना. एका वेलाच्या बुडाशी साळिंदर बसलं होतं. पुढच्या पायांत कंद धरून सावकाश खात होतं.

'याला पचतो, तर आम्हाला का पचणार नाही?' हौसाने मनाशी म्हटलं. तिने टोपलीभर कंद खणून घरी आणले आणि रताळी उकडावीत तसे उकडले.

लेक ताटली घेऊन चुलीपाशी बसली. "थांब, आधी मी चाखते," हौसा म्हणाली, आणि तिने एक फोड खाल्ली. जीभ चरचरली. घसा आतून खाजू लागला. थोड्या वेळाने चूल लांब लांब गेली, आणि दारातून दिसणारा डोंगर पाण्यातल्या सावलीसारखा हलू लागला. त्या तंद्रीत तिला दिसलं, की लेकीचा हात भांड्याकडे चाललाय.

उरल्यासुरल्या बळाने तिने भांडं कलंडून दिलं.

"काकूला बोलाव," ती कशीबशी म्हणाली.

कोंडाबाई पिठाचे हात तसेच घेऊन धावत आली. तिने हौसाला कुशीवर वळवलं, ओकाऱ्या काढल्या, तोंड पुसलं. दोन दिवस ती तिथून हलली नाही. नशीब, की हौसाने एकच फोड खाल्ली होती.

तिसऱ्या दिवशी हौसा उठून बसली. "जाऊबाई, मला शिकवाल का?"

कोंडाबाईने चुलीत लाकूड पुढे सारलं. "सासूबाईंनी दिलं ते घराला दिलं होतं, मला एकटीला नाही. तू विचारलं नाहीस म्हणून मी सांगितलं नाही. पोरगी हकनाक गेली असती गं."

मग दोघी मिळून रानात गेल्या. कोंडाबाईने कोणता वेल घ्यायचा, कोणता सोडायचा ते दाखवलं. दोघींनी कंदाच्या पातळ चकत्या केल्या, राख घालून उकडल्या, ते पाणी माणसागुरांपासून लांब ओतलं. चकत्या टोपलीत भरून टोपली ओढ्याच्या धारेत दगडांनी दाबून ठेवली. दोन दिवस पाणी त्यांच्यावरून वाहत राहिलं. पाण्याखाली त्या चकत्या छोट्या छोट्या चंद्रांसारख्या दिसत होत्या. काठावर बसून दोघी जावा दोन वर्षांचं साचलेलं बोलल्या.

चकत्या पुन्हा उकडल्यावर कोंडाबाईने आधी एकच खाल्ली आणि दिवसभर वाट पाहिली. तिला काही झालं नाही, तेव्हा कुठे लेकीच्या ताटलीत वाढलं. दोघींनी ते घरोघरी शिकवलं, आणि त्या कंदावर साऱ्या वाडीने हिवाळा काढला. पुढे त्या वाडीत नवी सून आली, की घरातल्या बायका तिला सगळ्यात आधी ओढ्यावर नेऊ लागल्या.

तात्पर्य: ठाऊक नाही ते विचारताना लाजू नये, आणि ठाऊक आहे ते सांगण्यासाठी कुणाच्या विचारण्याची वाट पाहू नये.