चांदणडागाची भरपाई

फार फार वर्षांपूर्वी, तळ्यावरचे धुके दुपारपर्यंत हलत नसे आणि माणसेही हळू आवाजात बोलत, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी जरा जास्तच नीट ऐकावी.

एका मोठ्या तळ्याच्या काठी एक बाई राहायची. तळ्यातले लव्हाळे कापून ती चटया विणायची. नवरा वारलेला. घरात ती आणि तिची लहानगी सगुणा, दोघीच. आई विणायला बसली की सगुणा तिच्या पाठीला पाठ लावून बसे आणि बगळ्यांशी बोले. बगळे उत्तर देत नसत, पण ऐकून घेत.

तळ्याच्या मधोमध एक बेट होते. सकाळी ते दिसे, दुपारी उन्हात विरघळल्यासारखे होई आणि संध्याकाळी पुन्हा पाण्यावर येई. चांदणडाग झालेली माणसे तिथे राहत. हा रोग अंगावर फिकट चांदण्यासारखा उमटतो आणि नुसत्या स्पर्शाने पसरतो, असे सगळे मानत. ज्याला तो झाला त्याला नावेत बसवून बेटावर सोडायचे, असा राज्याचा नियम होता.

एकदा राजवैद्य गावात आला. चावडीवर ही गर्दी लोटली. सगुणाच्या गालावर फिकट डाग आला होता, म्हणून आईही तिला घेऊन गेली. तिची पाळी आली तेव्हा दिवस कलला होता आणि पालखीचे भोई उठून उभे राहिले होते.

"वैद्यराज, लेकीच्या गालावर काहीतरी आलंय. एखादा लेप द्या," आई म्हणाली.

राजवैद्याने बसल्या जागेवरून पाहिले. "चांदणडाग," तो म्हणाला. "बेटावर पाठवा."

"एकदा हात लावून तरी बघा."

"हात लावायचा नसतो, म्हणून तर बेटावर पाठवायचं," असे म्हणून तो पालखीत बसला.

दुसऱ्या दिवशी गावात दवंडी फिरली. आईने लेकीचे केस विंचरले, तिला नवे परकर-पोलके घातले आणि स्वतःच्या हातांनी नावेत बसवले. एवढा मोठा वैद्य सांगतो, म्हणजे ते खरेच असणार, असे तिने मनाला बजावले.

मग ऋतू आले आणि गेले. आई रोज काठावर जाई. कधी पलीकडे एक इवलीशी आकृती हात हलवताना दिसे. कधी नुसते धुके दिसे, आणि आई धुक्यालाच हात करी.

बेटावर एक म्हातारी होती. तिला मात्र खरोखरच चांदणडाग होता. तिने सगुणाला जवळ घेतले, कुशीत निजवले, तिचे पडलेले दुधाचे दात रुईच्या पानात गुंडाळून पाण्यात सोडले. सगुणा तिला आई म्हणू लागली. म्हातारीने तिला एक गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवली. "काठावरच्या माणसांना आपण हात लावायचा नाही, बाळ. आपल्यामुळे त्यांना रोग होतो."

एके दिवशी राजवैद्याचा शिष्य वनस्पती शोधत बेटावर उतरला. मुलीचा चेहरा स्वच्छ पाहून तो थबकला.

"तू इथे कशी?"

"माझ्या गालावर डाग होता."

शिष्याने तिचा गाल दोन्ही हातांत धरून उजेडात नीट पाहिला. असले डाग लहान मुलांच्या गालावर येतात आणि आपोआप जातात, हे त्याला ठाऊक होते. त्याच्या गुरूलाही ठाऊक होते. त्याने सगुणाला नावेत घेतले. म्हातारी काठावर उभी राहिली. ती रडली नाही. नाव धुक्यात शिरेपर्यंत तिने डोळे मिटले नाहीत.

सगुणा घरी आली. आईने धावत जाऊन हात पसरले, तर मुलगी मागे सरकली.

"जवळ येऊ नकोस," ती म्हणाली. "तुला होईल."

ती वेगळ्या कोपऱ्यात जेवे, वेगळ्या चटईवर निजे. झोपेत ती आई आई म्हणून हाक मारी. आई उठून जवळ गेली की ती डोळे उघडी, तिच्याकडे परक्यासारखी पाही आणि कूस बदलत असे. पाणवठ्यावर बायका आपल्या घागरी बाजूला ओढून घेत. शिष्याने परोपरीने सांगितले, पण दवंडी ऐकलेले गाव ते कसे मानणार?

तेव्हा आई राजाच्या दरबारात गेली.

"महाराज, माझ्या लेकीला रोग नव्हता. तरी तिला बेटावर पाठवलं. मला भरपाई हवी."

राजवैद्य पुढे आला. "महाराज, मुलगी धडधाकट परत आली आहे. मग नुकसान कसलं? आणि मी वाईट हेतूने काही केलं नाही. शंका आली, खबरदारी घेतली."

दरबाऱ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात शिष्य उभा राहिला. "गुरुजी, आधी स्पर्श, मग शब्द, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. त्या दिवशी तुम्ही आधी शब्द उच्चारलात."

राजाने आईला विचारले, "तुझं काय गेलं, ते तूच सांग."

"तिचे दात पडले, ते मी पाहिले नाहीत," आई म्हणाली. "ती आजारी पडली असेल, तेव्हा मी उशाशी नव्हते. ते जाऊ द्या, ते तुम्ही कुठून आणणार? पण आपल्या हातात विष आहे असं माझ्या लेकीला वाटतं, महाराज. ते तेवढं काढून द्या. ज्यांनी ते घातलं, त्यांनीच गावासमोर येऊन काढावं."

राजवैद्याचा चेहरा उतरला. "राजवैद्याने चारचौघांत चूक कबूल केली, तर उद्या लोक त्याच्यावर विश्वास कसा ठेवतील?"

"मी विश्वास ठेवला होता, वैद्यराज," आई म्हणाली. "म्हणूनच मी तिला नावेत बसवलं."

राजाने निवाडा दिला. मायलेकींचा चरितार्थ राजवैद्याच्या शेतातून चालावा, आणि राजवैद्याने पालखीशिवाय, पायी त्या गावी जावे.

तो गेला. सगळे गाव चावडीपाशी जमले. सगुणा आईपासून हातभर अंतरावर उभी होती. राजवैद्याने हात पुढे केला, तशी ती मागे झाली. "नको, तुम्हाला होईल," ती अगदी काळजीने म्हणाली.

राजवैद्याने आयुष्यात पुष्कळांचे कण्हणे ऐकले होते, पण हे शब्द त्याला पेलवले नाहीत. तो गुडघ्यांवर बसला. त्याने तिचे दोन्ही तळहात घेतले आणि आपल्या गालांवर ठेवले.

"मला काही होणार नाही, बाळ. तुला काही झालंच नव्हतं. मी बघितलं नाही. मला घाई होती. मी चुकलो." मग गावाकडे वळून त्याने तेच पुन्हा मोठ्याने सांगितले.

सगुणा आपल्या हातांकडे बघत राहिली. मग हळूच तिने आईच्या पदराचे टोक धरले. पाखरू अंगावर बसले की माणूस जसे स्तब्ध राहते, तशी आई उभी राहिली.

थोड्या वेळाने सगुणाने राजवैद्याला विचारले, "बेटावर माझी दुसरी आई आहे. तिलाही हात लावून बघाल का?"

हे आजवर कोणाच्याही मनात आले नव्हते. राजवैद्य शिष्याला घेऊन नावेत बसला आणि बेटावरच्या प्रत्येकाला त्याने हात लावून तपासले. कितीतरी जणांना चांदणडाग नव्हताच. काही जण आपापल्या घरी परतले. काहींचे घरच आता उरले नव्हते. ते तिथेच राहिले. म्हातारीचा रोग खरा निघाला. राजवैद्य तिला आपल्या हातांनी लेप लावू लागला, आणि त्याच्या हातांना कधीच काही झाले नाही. तेव्हा राजाने तो जुना नियम मोडला.

सगुणा मोठी झाली. ती दोन्ही आयांची झाली. तरीही कोणाचा हात हातात घेण्याआधी ती क्षणभर थांबायची. ते थांबणे जन्मभर गेले नाही, आणि ते पाहिले की राजवैद्य मान खाली घालत असे.

तात्पर्य: ज्या तोंडाने चुकीचा शब्द उच्चारला, त्याच तोंडाने तो सर्वांसमोर मागे घ्यावा, त्यावाचून कोणतीही भरपाई खरी नव्हे.