तीन वेळा आदेश

"मग मी नापास कसा, महाराज?"

धुनीपलीकडे बसलेल्या केवलनाथांनी एक लाकूड तेवढे आत सारले.

शार्दूल इंगवले याचा आवाज चढला. सैन्यातील अधिकारपदासाठी तो दोनदा निवड मंडळापुढे गेला होता. धावण्यात कोणास हार गेला नाही, बुद्धिचाचणीतही उणा पडला नाही. घोडे पेंड खाई ते मनाच्या चाचणीपाशी. वय सरत आले होते; आता एकच संधी उरली होती. म्हणून सकाळीच डोंगर चढून तो या नाथपंथी मठात आला होता आणि तेव्हापासून अखंड बोलत होता.

"असते कशी ही चाचणी?" नाथजींनी विचारले.

"पडद्यावर एक शब्द झळकतो. मनात प्रथम उमटेल ते वाक्य झटकन लिहायचे. त्यावरून म्हणे ते माणूस ओळखतात! पण मीही कच्च्या गुरूचा चेला नाही. वर्षभर खोलीत कोंडून घेऊन वाक्ये घोकली. मित्र सोडले, सणवार सोडले. द्या कोणताही शब्द!"

नाथजी सावकाश उठले, त्याच्यासमोर आले आणि त्यांनी हात जोडले.

"आदेश."

"आदेश पाळणे हे सैनिकाचे आद्य कर्तव्य होय!"

"आदेश."

"योग्य आदेशाने पलटणीचे मनोधैर्य वाढते!"

"आदेश..."

"आदेश देणारा स्वतः आघाडीवर असतो! पाहिलेत? एका शब्दास तीन वाक्ये!"

चुलीपाशी रोट थापणारे मठाचे भंडारीबाबा फिसकन हसले.

"अहो इंगवले, आमच्या पंथात नमस्कारालाच आदेश म्हणतात. म्हातारा माणूस तीनदा नमस्कार करून तिष्ठतो आहे, आणि तुम्ही त्याचीच कवायत घेताय!"

शार्दूलचा चेहरा उतरला. नाथजींचे हात अजून जोडलेलेच होते.

त्याने घोकलेले सारे मनात चाळून पाहिले. उपयोगी पडेल असे एकही वाक्य सापडेना. आठवली ती खोली... आणि आरशापुढे हसण्याचा सराव करणारा एकटा तो.

"महाराज... मला फार दिवसांत कोणी नमस्कारच केला नव्हता."

"हे कोठे घोकलेस?"

"कोठेच नाही."

नाथजींनी हात सोडले. आपले कांबळे उलगडून धुनीजवळ अंथरले.

"ये, बैस. सकाळपासून तुझीच वाट पाहतो आहे."