चष्म्याचा नंबर

चष्मा चोरल्याच्या आरोपावरून कुसुमबाई दाभाडे तिसऱ्यांदा कोर्टात उभ्या होत्या. त्यांचा स्वतःचाच चष्मा पोलिसांनी पुरावा म्हणून जप्त केलेला, त्यामुळे तीन महिने धड पेपरसुद्धा वाचता आला नव्हता.

आज पुराव्याचं पाकीट उघडलं. तक्रार करणाऱ्या चष्म्याच्या दुकानाचे मॅनेजर रणदिवे छाती फुगवून म्हणाले, "साहेब, हा आमचाच माल. आमच्याकडे तयार चष्मे असतात, दोन्ही काचा एकाच नंबरच्या. वीस वर्षांचा अनुभव आहे माझा!"

"अहो, सांगून सांगून घसा सुकला माझा!" कुसुमबाई वैतागल्या. "साहेब, यांनाच तो घालून तक्रार वाचायला सांगा."

न्यायाधीशांनी मान हलवली. रणदिव्यांनी ऐटीत चष्मा चढवला आणि लगेच टेबल धरलं. त्यांना गरगरायला लागलं होतं.

"डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून ती काच साधी. उजवी जाड," कुसुमबाई म्हणाल्या. "चष्मा यांच्या दुकानातला असेल, तर साहेब, आधी हे विचारा, माझ्या डोळ्यांचा नंबर यांनी कुठून चोरला?"

न्यायाधीशांना हसू आवरेना. कुसुमबाई निर्दोष सुटल्या, आणि निकालाचा कागद त्यांनी स्वतःच्या चष्म्यातून, शब्द न् शब्द वाचूनच घेतला.