कललेली पेटी

एकदा एका वृद्ध वैद्यराजांच्या आश्रमात औषधशाळेचा कारभार कोणाकडे सोपवावा, असा प्रश्न उभा राहिला. थोरला शिष्य गदाधर याला त्यात प्रश्न असा काही दिसतच नव्हता. सेवाज्येष्ठतेने तोच वर होता आणि वर असणे हीच त्याची मुख्य साधना होती. धाकटा नागेश मागाहून आलेला. पण रोगी त्याच्याशी मोकळेपणी बोलत आणि त्याच्या बोलण्यावर गुरू हसत. ते हसू गदाधराच्या पोटात निखाऱ्यासारखे पडे.

गुरूंनी दोघांना सूर्यपाकाचे तेल करायला सांगितले. त्याची रीत अशी: तांब्याची चपटी पेटी तेलाने काठोकाठ भरायची, तळाशी मंजिष्ठेची मुळे घालायची, काळे झाकण लाखेने बंद करायचे आणि पेटी उन्हात ठेवायची. झाकण तापावे, तेल तापावे, मुळांचा लाल रंग तेलात उतरावा. ज्याचे तेल साधेल, औषधशाळा त्याची.

गदाधराने अंगणातली एकुलती सपाट फरशी पहाटेच बळकावली. नागेशला उरली ओट्याची उतरती पायरी. ‘बिचारा’ असे मनाशी म्हणून गदाधर दोन घास जास्त जेवला.

पेट्या उघडल्या तेव्हा नागेशचे तेल तळापर्यंत लाल झाले होते. गदाधराचे वर कढत, खाली गार. मुळे घातली तशीच. गुरू म्हणाले, पुन्हा करून पाहा.

अनुभवी माणसाची नजर तीक्ष्ण असते, विशेषतः दुसऱ्याच्या भांड्यात. नागेशची पेटीच चांगली असणार, गुरूंनी ती मुद्दाम दिली असणार, हे गदाधराने ओळखले. दोन्ही पेट्या एकाच तांबटाने घडवल्या होत्या, पण मत्सराला तांबटाची साक्ष लागत नाही. नागेश स्नानाला गेल्याचे पाहून त्याने पेट्या बदलल्या.

निकाल तोच. पायरीवरचे तेल लाल, फरशीवरचे कोरे.

तेव्हा तो गुरूंपुढे जाऊन उभा राहिला. “आपला ओढा नागेशकडे असेल तर तसं सांगावं. मी वाईट मानणार नाही,” तो म्हणाला. ते त्याने केव्हाच मानले होते.

गुरू उठले. अंगणात येऊन त्यांनी गदाधराच्या नव्याने भरलेल्या पेटीच्या एका कडेखाली वीट सरकवली आणि ते परत जाऊन बसले. इतक्या वर्षांच्या सेवेचे उत्तर म्हणजे एक वीट! गदाधराने ती काढली नाही, कारण गुरूही चुकतात हे त्याला पाहायचे होते.

पेटी उघडली. तेल तळापर्यंत लाल होते.

“गदाधरा,” गुरू म्हणाले, “तापलेलं तेल हलकं. सपाट ठेवलेल्या पेटीत ते झाकणाला चिकटून बसतं. त्याला आणखी वर जायला जागा नाही आणि खालच्या गार, जड तेलाला आणखी खाली जायला जागा नाही. दोघंही आपापल्या ठिकाणी संतुष्ट. पेटी कलली की तापलेलं झाकणाच्या अंगानं चढतं, गार तळाच्या अंगानं उतरतं आणि फेरा सुरू होतो. ऊन तेच असतं. तू पेट्या बदलल्यास खऱ्या, पण पेटी कोणाची हे उन्हाला ठाऊकही नसतं.”

“म्हणजे औषधशाळा नागेशची?”

“त्याची. विद्या तुझ्याकडे जास्त आहे, पण ती झाकणाशीच राहिली. खाली कुणाला तिची ऊब लागली नाही. तुला वाटतं, नागेश तुझ्या वाटचं ऊन पळवतो. अरे, तो नुसता कलतो.”

गदाधर नमस्कार करून निघून गेला. मत्सर काही एका वाक्याने जात नाही. तोही जेवला, झोपला, सकाळी गदाधराबरोबरच उठला.

त्या सकाळी गदाधर ओट्यावर बसला असता नागेश खाली अंगणात येऊन ओशाळलेला उभा राहिला. “दादा, काढ्यात सुंठ आधी घालायची की शेवटी? मला खात्री नाही.”

‘वाचून बघ,’ हे शब्द गदाधराच्या ओठांवर आले होते. पण तो ओट्यावरून खाली उतरला, नागेशला शेजारी घेऊन बसला आणि सुंठीपासून सांगू लागला.

ज्याच्यापाशी ऊब आहे, कलायचे त्यानेच असते.