हेळवणच्या राईतली मुकी घंटा

हेळवणच्या राईत पाहुणा आला की आधी त्याचा हात वर जातो. देवळाच्या चौकटीवर पितळेची घंटा आहे, चांगली जाडजूड, टोपलीएवढी. तुम्हीही ओढून बघा. हलते, पण वाजत नाही. आत लोलकच नाही. कुणी म्हणतं चोरीला गेला असेल, कुणी म्हणतं गावाला एवढंही जमत नाही काय? चोरीला गेलेला नाही, आणि जमवायचंच म्हटलं तर गावात लोहार आहे. लोलक देवीच्या पायाशी आहे. तो तिथे का ठेवला, ते ऐकायचं तर या पायरीवर जरा टेका, आणि बोलायचं ते हळू बोला.

ही राई घाटाखालची, खाडीला लागून. आत दुपारीसुद्धा ऊन जमिनीला शिवत नाही. पाचोळा पोटरीभर. इथला नेम असा, की राईतून वाळलेलं पानही बाहेर न्यायचं नाही. त्या पाचोळ्यात एक बेडूक राहतो. अंगाने खरखरीत, मातकट पिवळा, आणि उडी म्हणून मारत नाही, चालतो. काठी हरवलेल्या म्हाताऱ्यासारखा एकेक पाय टाकत चालतो, म्हणून गाव त्याला 'म्हातारो' म्हणतं. तिन्हीसांजेला तो साद घालतो, रिकाम्या तांब्यावर टिचकी मारावी तशी. ही राई सोडली तर दुसरीकडे कुठे तो कुणाला दिसलेला नाही, असं इथले लोक सांगतात.

फार पूर्वी या देवीची पूजा चंद्रावळ नावाच्या गुरविणीकडे होती. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. दुसरा गुरव नव्हता म्हणून पूजा तिच्याकडे राहिली, एवढंच. देवीला गाऱ्हाणं घालायला लोक येत, प्रसाद घेत आणि जात. तिच्या अंगणात बसायला कुणी येत नसे. विधवेच्या दारी चांगल्या कामाला कोण जातो? दिवसभरात तिचा आवाज निघायचा तो देवीपुढे, आणि तिन्हीसांजेला घंटा वाजवायची, की झाला तिचा दिवस. कधी कधी तर म्हणे ती घंटा जरा जास्तच वाजवायची. गावात कुणाच्या तरी कानावर आपण पडतोय, एवढंच समाधान.

एका वर्षी पाऊस दडी मारून बसला. मृग कोरडा गेला, आर्द्रा सरत आली, भाताच्या रोपांचा तरवा पिवळा पडला. गावाने धोंडी काढायचं ठरवलं. पाटावर बेडूक ठेवायचा, दारोदार न्यायचा, घरोघरच्या बायांनी त्यावर पाणी ओतायचं, म्हणजे वरचा ओततो. बेडूक काय, कुठल्याही विहिरीत मिळतो. पण मानकरी राघोजी परब म्हणाला, विहिरीतल्या बेडकाचं देवी कशाला ऐकेल? तिच्याच राईतले नेऊ. एक नको, सगळेच नेऊ.

राईत हात घालायचा मान गुरवाचा. म्हणून त्या दिवशी सगळा गाव चंद्रावळच्या अंगणात आला. ज्या बाया तिला पाणवठ्यावर टाळायच्या, त्या तिच्या ओट्यावर टेकल्या. राघोजी हात जोडून म्हणाला, "चंद्रावळवैनी, मान तुझोच. तू नाय म्हटलंस तर गाव उपाशी मरतलो."

वैनी! नवरा गेल्यापासून ही हाक तिने ऐकली नव्हती. राईचा नेम तिला ठाऊक होता, सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होता. पण माणसांनी भरलेलं अंगण पाहिलं आणि तिच्याने नाही म्हणवलं नाही. ती आत गेली, पाचोळा हलक्या हाताने बाजूला करत गेली आणि बांबूची रोवळी भरून म्हातारे घेऊन आली. देताना एकच म्हणाली, "नेतास तर न्हेवा. पन दिवस बुडाच्या आदी माका परत आणून देवा."

"व्हय, व्हय," सगळे म्हणाले.

धोंडी निघाली. दारोदार पाणी ओतलं गेलं. आणि शेवटच्या घरी पोचायच्या आत आभाळ असं फुटलं, की समोरचं माणूस दिसेना. लोक नाचले, भिजले, एकमेकांच्या गळ्यात पडले. त्या आनंदात कुणीतरी रोवळी व्हाळात रिकामी केली. बेडूक पाण्यातलाच, जाईल आपल्या घरी! पण व्हाळ तुडुंब भरून खाडीकडे धावत होता, आणि खाडीला भरती होती. उडीसुद्धा न मारणारं जनावर त्या लोंढ्यात आणि खाऱ्या पाण्यात कसं तगणार?

चंद्रावळ दारात रोवळीची वाट बघत बसली. रोवळी आली नाही. माणसंही आली नाहीत. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय! दुसऱ्या दिवसापासून अंगण पुन्हा रिकामं.

पुढे एका तिन्हीसांजेला घंटा वाजवून ती पायरीवर बसली असताना राईतून टिचकी ऐकू आली. एकच. कुठल्याशा मुळाखाली एक म्हातारा राहून गेला होता. तो साद घाली, थांबे, पुन्हा साद घाली. त्याला उत्तर द्यायला राईत कुणी नव्हतं. चंद्रावळला रडू कोसळलं. हा एकटा पडला तो आपल्या हाताने, आणि एकटं पडणं म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको, असं तिला वाटलं.

दुसऱ्या पावसाळ्यातही तो तसाच बोलत राहिला. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की घंटा वाजली की तो दचकून गप्प होतो. त्याची बोलायची वेळ आणि घंटेची वेळ एकच. पलीकडे राईतल्या झऱ्याच्या बाजूला एखादा उरला असेलही, पण या घणघणाटात त्याला ऐकू जाणार कसं? ती चौरंगावर चढली, तिने लोलक काढला, देवीच्या पायाशी ठेवला आणि म्हणाली, "आई, माझो आवाज तुका दिलंय. तेका सोबत दी."

घंटा थांबली तसा गाव धावत आला. राघोजी संतापला. "एका बेडकापायी देवीची घंटा बंद? खुळावलंस काय गे?" तिची पूजा काढून घ्यायची असं ठरलं. पण देवीला विचारल्याशिवाय गुरव बदलता येत नाही, म्हणून कौल लावायचा. चोराला चौकीदार कोण करणार, तेव्हा शेजारच्या गावचा गुरव आणला. त्याने देवीच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर चंद्रावळ राहणार, डावी पडली तर जाणार.

कळी पडेना. सगळे कळ्यांकडे डोळे लावून उभे. दिवस बुडाला. आणि घंटा न वाजलेल्या त्या शांततेत गावाने म्हाताऱ्याची साद पहिल्यांदा ऐकली. टिचकी. मग काही नाही. पुन्हा टिचकी. पुन्हा काही नाही.

राघोजीने हळूच विचारलं, "ह्यो कोणाक बोलायता गे?"

"तुमी ज्यांका व्हाळात सोडलास, त्यांका," चंद्रावळ म्हणाली.

राघोजीची मान खाली गेली. तेवढ्यात उजवी कळी पडली म्हणे.

पूजा तिच्याकडेच राहिली. लोलक पुन्हा चढला नाही. पण लाज वाटली म्हणून लोक तिच्या अंगणात आले, असं मात्र झालं नाही. उलट तिच्या नजरेला नजर देणं त्यांना आणखी जड गेलं. ती मरेपर्यंत रोज तिन्हीसांजेला या पायरीवर बसून उत्तराची वाट बघत राहिली. ऐन पावसाळ्यात ती गेली. तिला पोचवून गाव राईशी परतला, तेव्हा दिवस बुडत होता. म्हाताऱ्याने साद घातली. आणि झऱ्याच्या पलीकडून, अगदी बारीक, दुसरी टिचकी आली. ती ऐकायला सगळा गाव होता. जिने ऐकायचं, तीच नव्हती. राघोजी तिथेच पायरीवर बसून मोठ्याने रडला, असं सांगतात.

त्या दिवसापासून हा नेम पडला. आजही पावसाळ्यात दर तिन्हीसांजेला पाळीच्या घरचं एक माणूस या पायरीवर येऊन ऐकतं. ऐकून झालं की सरळ आपल्या घरी जायचं नाही. गावात जे कुणी एकटं राहतं, त्याच्या दारी जायचं आणि काय ऐकलं ते सांगायचं. उत्तर आलं असेल तर म्हणायचं, "सोबत आसा." अलीकडे राई आक्रसली आहे, झराही लवकर आटतो, आणि "सोबत आसा" म्हणायची वेळ क्वचित येते. बहुतेकदा "आज एकच बोललो", म्हणजे एकट्यानेच साद घातली, एवढंच सांगावं लागतं. पण ते सांगायचं असलं, की सांगणारा लगेच उठत नाही. बराच वेळ बसतो.