साळुंकीबाईंचा सत्कार

एका जंगलात एक साळुंकी राहत असे, आणि बाळांनो, ती तिथल्या शाळेची बाई होती. साळुंकीला कुणाचाही आवाज हुबेहूब काढता येतो ना? म्हणून रानातल्या हाका ओळखायला पिल्लांना तीच शिकवी. कोतवाल पक्षी ओरडला, तर आभाळात ससाणा आहे. पटकन जाळीत शिरायचं. वानर खेकसलं, तर जमिनीवर बिबट्या आहे. तो जाळीतच दबा धरतो, तेव्हा जाळीकडे फिरकायचंसुद्धा नाही, थेट मोकळ्या माळावर पळायचं. कोतवालाचा धडा सकाळी आणि वानराचा दुपारी, असा शाळेचा जुना शिरस्ता होता. वर्गात एक पाडस होतं, भारी विसराळू. "बाई, पुन्हा सांगा ना," असं ते रोज म्हणे, आणि बाई रोज पुन्हा सांगत. खरं सांगायचं तर त्याच्यावर त्यांचा जरा जास्तच जीव होता.

शाळेशेजारी एक मोठा उंबर होता. प्रत्येक पिल्लाला शिकायला मिळालं पाहिजे आणि त्याची सोय जंगलाच्या सभेने केली पाहिजे, असा वाडवडिलांनी घालून दिलेला नियम होता. त्यासाठीच हा उंबर शाळेला दिलेला. त्याची फळं खाऊन बाई आणि पिल्लं ताजीतवानी होत, मग दुपारची शाळा भरे. पण एका वर्षी, पाडसाचा वर्ग शाळेत येण्याच्या सुमारासच, सभेला त्या उंबराची सावली आवडली. सभा तिथेच भरू लागली आणि फळं सभेच्या फराळात जाऊ लागली. बिचाऱ्या बाई! दुपार झाली की पोटासाठी त्यांना पार नदीपलीकडे उडत जावं लागे, आणि भुकेली पिल्लं घरी जात. दुपारची शाळा बंदच पडली.

शेवटी बाई सभेत गेल्या. "दुपारचा धडा राहिलाय हो," त्या म्हणाल्या. "उंबर तेवढा शाळेला परत द्या."

कोल्हा सभेतला मोठा बोलका. तो तोंडातलं उंबर गिळत म्हणाला, "बाई, शिकवणं म्हणजे केवढं पवित्र काम! त्यात खाण्यापिण्याच्या गोष्टी कशाला? आणि अर्धी शाळा म्हणजे शाळाच की! आपण असं करू, तुमचा सत्कार करू."

"वा, वा!" रानडुक्कर म्हणालं. सभापती हत्तीने मान डोलावली. स्वभावाने तो वाईट नव्हता हो, पण फराळानंतर त्याला फार झोप येई.

झालं! सत्काराचा दिवस ठरला. त्या दुपारी उंबराखाली बाईंच्या अंगावर सागाच्या पानाची शाल घातली. पान केवढं आणि बाई केवढ्या! नुसती चोच तेवढी बाहेर दिसत होती. कोल्हा भाषणाला उभा राहिला. शाळा सुटल्यामुळे पिल्लं पलीकडे करवंदीच्या जाळीजवळ खेळत होती. त्यांत ते पाडस होतं आणि कोल्ह्याचं स्वतःचं पिल्लूही होतं.

इतक्यात वरून वानर खेकसलं, "खॅक! खॅक! खॅक!"

सभेतले सगळे जुन्या पूर्ण शाळेत शिकलेले. कोल्ह्याने भाषण टाकलं आणि माळाकडे धूम ठोकली. पण पिल्लांना ठाऊक होता तो सकाळचाच धडा. हाक आली की लपायचं! ती सगळी करवंदीच्या जाळीत शिरली. आणि बिबट्या कुठे होता? त्याच जाळीच्या मागे, पोट जमिनीला टेकवून.

बाईंनी ते पाहिलं. उडायला गेल्या, तर शालीत पंख अडकलेले! "जळो मेली ती शाल!" म्हणत त्यांनी पान टराटरा फाडलं आणि जाळीवर झेप घेतली. आता धडा शिकवायला वेळ कुठला? त्यांनी हरिणीचा आवाज काढला, "ये रे बाळा, माळावर ये!" मग सशिणीचा, मग कोल्हिणीचा. आई हाक मारते म्हटल्यावर पिल्लं धडाधडा बाहेर पळाली. बिबट्याने झडप घातली, पण पाडसाच्या कानाला नुसतं नख लागलं, आणि उघड्यावर शिकार साधेना म्हणून तो रानात निघून गेला. माळावर पोचल्यावर ते थरथरत बाईंना बिलगलं आणि बाई रडू लागल्या. हो, बाईसुद्धा रडतात.

कोल्ह्याने आपल्या पिल्लाला कुशीत घेतलं. "अरे वेड्या, वानर ओरडल्यावर कुणी जाळीत शिरतं का?"

"मग कुठे जायचं असतं बाबा?" पिल्लाने विचारलं. "ते आम्हाला कुणी शिकवलंच नाही."

बोलक्या कोल्ह्याने मान खाली घातली. हत्तीची झोप तर केव्हाच उडाली होती. तो बाईंपुढे सोंड खाली करून म्हणाला, "बाई, चुकलो आम्ही. या पराक्रमाबद्दल तुमचा आणखी मोठा सत्कार..."

"नका हो!" बाई डोळे पुसत म्हणाल्या. "मी जीव खाऊन ओरडले म्हणून आज ही पोरं वाचली. उद्या मी नसेन, तेव्हा यांना यांचं कळायला हवं. मला शाल नको. माझ्या पोरांची दुपार द्या."

हत्ती ओशाळला. "देतो म्हणण्यासारखं ते आमचं नव्हतंच," तो म्हणाला. "उंबर शाळेचाच. तो राखणं हे सभेचं काम होतं, आणि आम्हीच तो खात बसलो."

दुसऱ्या दिवसापासून सभा उन्हातल्या खडकावर भरू लागली. तिथे सभा चटकन संपतात, असं रानडुक्कर सांगतं. उंबराखाली पिल्लांनी पोटभर फळं खाल्ली आणि दुपारची शाळा भरली. वानराचा धडा संपला, तेव्हा पाडसाने फाटका कान हलवत हळूच म्हटलं, "बाई, पुन्हा सांगा ना."

आणि बाईंनी पुन्हा सांगितलं. आता त्यांच्याजवळ अख्खी दुपार होती.

तात्पर्य : शाळेला पुरेसं देणं हा राज्य चालवणाऱ्यांचा उपकार नव्हे, ते त्यांचं कर्तव्य आहे, अर्धवट शाळेची किंमत लेकरांना मोजावी लागते, आणि ती गुरुजनांच्या सत्काराने भरून निघत नाही.