सावळाराम लेक आणतो

निंबळे गावात सावळाराम नावाचा एक भोळा माणूस राहत होता. भोळा म्हणजे किती, तर त्याला सांगितलेलं तो विसरत नसे. दोष एवढाच की सांगितलेलं कुठं वापरायचं हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

वडिलांच्या मागं त्याच्याकडं एक जुनी जीप होती. ती तो भाड्यानं चालवायचा, आणि चालवायचा मात्र झकास. घरात आई हौसाबाई आणि बायको नयना. नयना रीतीप्रमाणं सातव्या महिन्यात माहेरी कोरेवाडीला गेली, तिथं तिला मुलगी झाली, बारसं झालं, नाव मुक्ता ठेवलं. बारशाच्या दिवशी सावळारामानं लेकीला एकदाच, घटकाभर हातात घेतलं होतं. तिनं त्याचं बोट धरलं होतं. त्या दिवसापासून तो ते बोट भाजीत बुडवत नव्हता.

आता मुक्ताला पाचवा महिना लागला होता. लेकीनं नात घेऊन सासरी जायचं, असा हा महिना. पण सावळारामाचे सासरे केरबातात्या म्हणजे एकतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. एकतीस वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही. ते म्हणाले, जुन्या जीपमध्ये मांडीवर घेऊन माझी नात जाणार नाही. बाबागाडी आणा, गाडीत बसवायची लेकराची खुर्ची आणा, पोटाशी बांधायची झोळी आणा. वस्तू मला दाखवा. शनिवारपर्यंत सगळं माझ्या मनासारखं झालं तर न्या. नाही झालं तर जावळ काढल्यावर बघू.

जावळ काढायला अजून सात महिने होते. सावळाराम नुसता त्या बोटाकडं बघत बसला.

जीप नेमकी गॅरेजात होती. म्हणून सोमवारी तो कोरेवाडीहून चालतच तालुक्याच्या बाजारात गेला. दुकानदारानं त्याला सतरा बाबागाड्या दाखवल्या. कुणाला तीन चाकं, कुणाला चार, एकीला तर बाटली ठेवायला खिसा आणि वर छत. सावळारामानं छतवाली निवडली. दुकानदार म्हणाला, "नवी कोरी आहे, जपून न्या. माती लागू देऊ नका."

सावळारामानं ती उचलून डोक्यावर ठेवली. बाजारापासून कोरेवाडी दोन कोस. दोन कोस तो बाबागाडी डोक्यावर घेऊन चालला. वाऱ्यानं चाकं फिरत होती. वाटेत लोक थांबून बघत होते आणि एका म्हातारबाबांनी हातही जोडले. कोरेवाडीत पोचला तेव्हा मान एका बाजूला झालेली.

तात्यांनी गाडी उतरवून घेतली आणि तिचं एक चाक बोटानं फिरवलं.

"जावईबापू, हिला चाकं कशाला दिलीत? असली वस्तू भुईवर ठिवायची आन मागनं ढकलत आणायची."

"आता ध्यानात ठेवलं," सावळाराम म्हणाला.

मंगळवारी तो लेकराची खुर्ची आणायला गेला. खुर्ची मोठी देखणी होती. आत मऊ गादी, दोन खांद्यांवरून दोन पट्टे, मधोमध खटका. दुकानदार ती बांधून द्यायला लागला तर सावळाराम म्हणाला, काही नको. त्यानं खुर्ची दुकानाबाहेर भुईवर ठेवली, मागं वाकला आणि ढकलायला लागला.

खुर्चीला चाकं नव्हती. हे सावळारामाच्याही लक्षात आलं होतं, पण तात्यांनी त्याबद्दल वेगळं काही सांगितलं नव्हतं. दोन कोस त्यानं ती खरडत नेली. चढाला घाम निघाला, उताराला ती आपणहून थोडी गेली तेव्हा त्याला बरं वाटलं. रस्त्यावर बाजारापासून कोरेवाडीपर्यंत एक लांबलचक पांढरी रेघ उमटली. दोन दिवस लोक त्या रेघेच्या डावीकडून चालत होते.

खुर्चीचा तळ घासून निघाला होता आणि गादीची शिवण उसवली होती. नयनानं सुईदोरा काढला. तात्यांनी खुर्ची उलटीपालटी करून बघितली. सांगाडा शाबूत होता, नाहीतर तिथंच कारभार आटोपला असता.

ते म्हणाले, "ही सीटवर ठिवायची असती. गाडीत. पट्ट्यानं आवळून बांधायची, गदागदा हलवून बघायची. हलली न्हाय तरच गाडी सोडायची."

"आता ध्यानात ठेवलं."

बुधवारी झोळी. पोटाशी बांधायची, मऊ कापडाची, चार बंदांची. सावळारामानं ती घेतली आणि या खेपेला तो मुद्दाम एसटीत बसला. म्हणजे झोळी बसली. त्यानं ती खिडकीजवळच्या सीटवर ठेवली, चारही बंद खिडकीच्या गजाला आवळले, वर स्वतःचा कंबरपट्टा काढून तोही आवळला आणि गदागदा हलवून बघितली. हलली नाही. मग तो एका हातानं विजार धरून शेजारी उभा राहिला. झोळीचं तिकीट काढलं, तेही पूर्ण.

गाडी भरली. एक आजीबाई आल्या आणि म्हणाल्या, बाबा, ते फडकं उचल, मला टेकू दे. सावळारामानं त्यांना नम्रपणे समजावून सांगितलं की हे हलत नाही, हवं तर हलवून बघा. आजीबाईंनी खरंच हलवून बघितलं. मग मागच्या चौघांनी बघितलं. कोरेवाडीचा थांबा आला तेव्हा गाठी काही सुटेनात. गाडी वीस मिनिटं उभी राहिली आणि अर्धी एसटी गाठी सोडायला लागली. ड्रायव्हरनं विचारलं, कुणाकडं जायचंय पाहुण्यांना? सावळारामानं अभिमानानं केरबातात्यांचं नाव सांगितलं.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट डेपोत पोचली. तात्या त्या दिवशी पारावर गेले नाहीत.

तात्या बोलत नाहीत असं बघून नयनाच बोलली. नवऱ्याचा तिला रागही येत होता आणि त्या दोन कोसांच्या पांढऱ्या रेघेचं मनातल्या मनात कौतुकही वाटत होतं. ती म्हणाली, "अहो, ही पोटाशी बांधायची. वरून टॉवेल टाकायचा, ऊन लागू द्यायचं नाही. एक हात खाली धरायचा आणि हळूहळू चालायचं."

"आता ध्यानात ठेवलं."

गुरुवारी सासूबाईंना आठवलं की प्रवासात लेकराला डास चावतील. सावळाराम लगेच उठला आणि बाजारातून घडीची मच्छरदाणी घेऊन आला. ही मच्छरदाणी छत्रीसारखी असते, काड्यांवर ताणलेली, दाबून मिटली आणि खटका लावला की हातभर होते. ती त्यानं शर्टाच्या आत पोटाशी बांधली, वरून टॉवेल टाकला, एक हात खाली धरला आणि हळूहळू चालत एसटीत चढला.

त्याला बघून तीन बायका एकदम उठल्या. त्याला बसवलं. खिडकी लावून घेतली. शेजारच्या मावशींनी मायेनं विचारलं, "केवढं आहे?"

"आजच घेतलं," सावळाराम म्हणाला.

मावशींनी पुढं विचारलं, "मुलगा की मुलगी?"

"मच्छरदाणी."

मावशींना वाटलं, आजकाल नावं काहीही ठेवतात. त्यांनी बटव्यातनं दहाची नोट काढली आणि बाळाच्या हातात द्यायला टॉवेलाखाली हात घातला. हात नेमका खटक्यावर पडला. फाटकन आवाज झाला, सावळारामाच्या शर्टाची बटणं उडाली आणि मच्छरदाणी उघडली. तिकीट फाडायला कंडक्टर वाकला होता, तो तिकिटाच्या पेटीसकट आत गेला. आत गेल्यावरही त्यानं पहिलं काम केलं ते सावळारामाचं तिकीट फाडायचं. त्याला बाहेर काढेपर्यंत कोरेवाडी मागं गेली होती.

शुक्रवारी तात्यांनी जावयाला समोर बसवलं. रागावले नाहीत. एकतीस वर्षांत शिकाऊ ड्रायव्हर त्यांनी पुष्कळ बघितले होते. त्यांनी सांगितलं की डेपोत गाडी दुरुस्त होऊन आली की पहिल्या फेरीला माणूस घेत नाहीत. वाळूची पोती टाकून फेरी मारतात. ती नीट झाली तरच माणसं. उद्या जीप घेऊन या, खुर्ची बांधा, आधी लेकराच्या वजनाचं काहीतरी ठेवून फेरी मारून दाखवा. मग बघू.

सासूबाईंनाही एक सांगायचं होतं. लेकरू पहिल्यांदा बापाच्या घरी निघालं की मधे थांबायचं नसतं, मागं वळून बघायचं नसतं. कुणी हाक मारली तरी नाही. थेट उंबऱ्यावर जायचं आणि आजीच्या हातात द्यायचं.

"आता ध्यानात ठेवलं," सावळाराम म्हणाला. दोघांचंही ठेवलं.

शनिवार उजाडला. सावळाराम गॅरेजातून जीप घेऊन आला. धुऊन पुसून चकाचक केलेली, आणि अंगात नवा कोरा शर्ट. तिकडं निंबळ्यात हौसाबाईंनी पाच सवाष्णी जेवायला बोलावल्या होत्या. सावळारामानं खुर्ची सीटवर ठेवली, आवळली, हलवली. तात्यांनी हलवली. हलली नाही. तात्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच समाधान दिसलं.

परड्यात वेलाला लागलेला एक भोपळा सासूबाईंनी आणून दिला. अदमासे सहा किलो, मुक्ताएवढाच. सावळारामानं तो खुर्चीत बसवला, दोन्ही पट्टे लावले, खटका लावला. ऊन लागू द्यायचं नाही म्हणून मुक्ताची कुंची त्याला घातली आणि नाडी बांधली.

"हां," तात्या म्हणाले. "आता सोडा गाडी."

नयना लेकीला कडेवर घेऊन दारात उभी होती. पायाशी बॅग, काजळ घातलेलं, ओटी भरलेली. जीप निघाली. देवळापर्यंत छान गेली. तिथं वळेल असं सगळ्यांना वाटलं. ती वळली नाही. तात्यांनी हाक मारली. सासूबाईंनी हाक मारली. नयनानं तर नाव घेऊन हाक मारली. सावळारामाला सगळ्या हाका ऐकू आल्या, आणि सासूबाईंचं किती खरं आहे असं त्याला वाटलं. त्यानं मागं बघितलं नाही.

कोरेवाडी ते निंबळे सात कोस. सावळारामानं गाडी अशी चालवली की रस्त्यावरची खडीसुद्धा जागची हलली नाही. खड्डा आला की तो आधी खुर्चीकडं बघायचा, मग खड्ड्याकडं.

उंबऱ्यावर हौसाबाई भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. मागं पाच सवाष्णी. चार महिने वाट बघून बघून म्हातारीचे डोळे इतके भरून आले होते की तिला समोरचं धड दिसत नव्हतं. तिनं भाकरतुकडा ओवाळून लांब टाकला. सावळारामानं खटका काढला, कुंची सावरली आणि हळूच तिच्या हातात दिलं.

"अगं बाई, भरलीया की चांगली," म्हातारी म्हणाली आणि तिनं पटकन मुका घेतला.

मग तिनं डोळे पुसले. कुंचीत बघितलं. सवाष्णींनीही बघितलं.

"सावळ्या," ती हळू आवाजात म्हणाली. "ह्यो भोपळा हाय."

"होय, आई. पोचला की नाही सुखरूप?"

"आन पोरगी?"

"भोपळा नीट पोचला तरच पोरगी, असं ठरलंय," सावळाराम म्हणाला. "पोचला, आई. आता ती येणार."

एवढ्यात त्याचा फोन वाजला. नयना होती. ती एवढंच म्हणाली, "आता तुम्ही काहीही करू नका. आहात तिथंच उभे राहा. मी येते."

सावळाराम उंबऱ्यातच होता. तो उंबऱ्यातच उभा राहिला. सवाष्णी त्याच्या बगलेखालून आत गेल्या.

दुपारच्या एसटीनं नयना आली. मांडीवर लेक, सोबत तात्या. खुर्ची निंबळ्यात, बाबागाडी कोरेवाडीत, झोळी बॅगेत तळाला. तात्यांनी ओळखीच्या ड्रायव्हरला गाडी हळू घ्यायला लावली होती आणि मुक्ता वाटभर आईच्या कुशीत झोपून आली होती. जावळ काढल्याशिवाय पोरगी द्यायची नाही हे उंबऱ्यावरच सांगून टाकायचं, असं तात्यांनी ठरवलं होतं.

ते तडक आले. जावई दारात उभाच होता. तात्यांनी ओसरीवरचा भोपळा उचलला आणि डोळ्यांजवळ नेला. सगळीकडून फिरवून बघितला. मग खुर्चीचे पट्टे बघितले. मग जीपची चाकं बघितली. पुन्हा भोपळा बघितला. सात कोसांत त्याला नखाएवढा ओरखडा नव्हता. देठसुद्धा शाबूत होता.

तात्यांनी भोपळा खाली ठेवला.

"दे गं," ते लेकीला म्हणाले. "पोरगी दे त्येंच्याकडं."

हौसाबाईंनी दुसरा भाकरतुकडा ओवाळला. नयनानं झोपलेली मुक्ता नवऱ्याच्या हातात दिली आणि कानाशी म्हणाली, "आत्ताच डोळा लागलाय. हलू नका."

"आता ध्यानात ठेवलं," सावळाराम पुटपुटला.

पानं वाढली. सवाष्णी जेवल्या, तात्या जेवले. सावळाराम उंबऱ्यात उभा. आईनं त्याला उभ्याउभ्याच दोन घास भरवले. नयनानं तीनदा सांगितलं, अहो, बसा आता. तो मान न हलवता म्हणाला की लागलेला डोळा उघडेल. ऊन कलायला लागलं तेव्हा मुक्ता जागी झाली. तिनं बापाकडं बघितलं, त्याचं बोट धरलं, आणि त्याच्या नव्या कोऱ्या शर्टावर सावकाश धार सोडली. ती शर्टातून विजारीत आणि विजारीतून बुटात गेली.

सावळाराम हलला नाही.